चिखलासकट मुक्काम

वेल्सच्या डोंगरात शनिवार-रविवार सायकल हाणायला वाटा पुष्कळ आहेत. घोडं अडतं ते रात्रीच्या मुक्कामाशी. संध्याकाळी चौघे जण रानातून खाली उतरतात तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत राडीने माखलेले, बूट पचपचीत आणि प्रत्येकाच्या हाती जुन्या मोटारीच्या मोलाची सायकल. असे पाहुणे चकचकीत हॉटेलला परवडत नाहीत. म्हणून तिकडचा सायकलवाला गावातला पब गाठतो. आपल्याकडे पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत आठवतं. खेड्यातला ब्रिटिश पब म्हणजे चावडी, खानावळ आणि धर्मशाळा एकाच छपराखाली. खाली बीअर आणि जेवण, वर मोजक्या खोल्या, मागे बऱ्याचदा कधीकाळचा तबेला.

मुक्काम पबमध्येच करण्याला कायद्याचंही कारण आहे. 1988च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या 30व्या कलमानुसार नशेत सायकल चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याला हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. जिथे प्यायची तिथेच पाठ टेकावी, हे बरं.

सायकलस्वार आणि सराय यांचं नातं दीडशे वर्षांच्या घरात गेलं आहे. 1878 मध्ये हॅरोगेटला सायकलस्वारांचा जो क्लब निघाला, तो पुढे सायकलिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून नावारूपाला आला. क्लबने सभासदांसाठी सरायांशी दर ठरवून घेतले आणि पसंतीच्या ठिकाणी पंख असलेल्या चाकाच्या पाट्या लावल्या. पण दार उघडलं म्हणजे मान मिळाला असं नव्हे. 1898 मध्ये सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी हॉटबॉय हॉटेलात क्लबच्या सभासद लेडी हार्बर्टन सायकलवरून आल्या. अंगात सायकलला सोयीचा विजारवजा पोशाख होता. मालकिणीने त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. बारच्या मागच्या बैठकीत जायला सांगितलं. क्लब कोर्टात गेला आणि 1899 मध्ये हरला. जेवण नाकारलं नव्हतं, फक्त जागा दुसरी दाखवली होती!

आजचा प्रश्नही जागेचाच आहे. सायकलवाल्याला खोली मिळते. सायकलला काय मिळतं? ब्रिटिश पर्यटन मंडळांनी ‘सायकलस्वारांचं स्वागत’ अशा योजना काढल्या. बंदिस्त, कुलपाची जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय या त्यांच्या मुख्य अपेक्षा. पाटी लावणं सोपं असतं. 1956चा हॉटेलमालकांचा कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. पाहुण्याच्या सामानाची काही जबाबदारी तो मालकावर टाकतो, पण वाहन आणि वाहनात ठेवलेलं सामान त्यातून वगळतो. म्हणजे पबच्या आवारात मोटार उभी करून सायकल तिच्यातच ठेवली आणि ती चोरीला गेली, तर या कायद्याचा आधार नाही. ‘मागे अंगण आहे ना’ एवढ्या आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही.

पाटीपेक्षा मी पबचा इतिहास बघेन. मध्य वेल्समधलं लॅनउर्टिड घ्या. वस्ती जेमतेम साडेआठशे, ब्रिटनमधलं सर्वांत छोटं शहर म्हणवून घेण्याची हौस दांडगी. तिथल्या नेयाद आर्म्स या पबचे तेव्हाचे मालक गॉर्डन ग्रीन यांच्या कानावर एक वाद पडला: डोंगराळ वाटेवर लांब पल्ल्याला माणूस घोड्याला हरवेल का? त्यांनी 1980 मध्ये शर्यतच लावून टाकली. 1985 मध्ये सायकलींनाही प्रवेश मिळाला आणि 1989 मध्ये टिम गुल्ड या सायकलस्वाराने घोड्याला मागे टाकलं. पायी धावणाऱ्याला मात्र 2004 पर्यंत थांबावं लागलं. ह्यू लॉब जिंकला आणि साठत आलेले बक्षिसाचे पंचवीस हजार पौंड घेऊन गेला. याच गावात नोव्हेंबरात ‘रिअल एल वॉबल’ ही सायकल सफर भरत आली. तिथे वाटेतल्या ठाण्यांवर चक्क बीअर! वरच्या दंडाची आठवण इथे कोणी काढत असेलसं वाटत नाही. पाहुण्याच्या अंगावरचा चिखल अशा गावाच्या धंद्यातच धरलेला असतो; लादी खराब झाली म्हणून तिथे कपाळाला आठ्या पडत नाहीत.

लॅनउर्टिडला रेल्वे स्टेशन आहे, पण त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आणि डब्यात सायकलींना जागा थोडी. चौघांनी निघायचं तर आधी गाडीचं बघावं, मग खोलीचं. वाटांचंही भान हवं. इंग्लंड-वेल्समध्ये 1968च्या कायद्याने घोडेस्वारांच्या वाटा सायकलींना खुल्या झाल्या, त्याही पादचाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ देण्याच्या अटीवर. निव्वळ पायवाटांवर तो हक्क नाही. पब अशा वाटेच्या तोंडाशीच असेल तर सकाळी मोटार काढावीच लागत नाही.

मँचेस्टर-बर्मिंगहॅमकडे नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींनी बेत आखला, तर संकेतस्थळावरचं सायकलचं चित्र बघून पैसे भरू नयेत. सरळ फोन लावावा. सायकल रात्री कोणत्या खोलीत राहील, किल्ली कोणाकडे असेल, धुवायला नळी आहे का, बूट कुठे वाळतील आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, हे विचारावं. शेवटचा प्रश्न विसरू नका. खेड्यातल्या पबात उशीर झाला तर रात्रीचं जेवण म्हणून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट मिळतं.