छातीची जखम पोटातही असू शकते

आपल्या लोणावळ्यात नौदलाचे कस्तुरी रुग्णालय आहे, तर पुण्यात 1948 साली स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. युद्धातील जखमांवर शस्त्रक्रिया करताना लष्करी डॉक्टरांना मिळालेला एक धडा सर्वांनीच लक्षात ठेवावा असा आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाकार स्नायूचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास सोडताना तो जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर जातो. त्यामुळे बरगड्यांत शिरलेली गोळी किंवा तोफगोळ्याची ठिकरी पोटातील यकृत, प्लीहा वा आतडेही फाडू शकते.

अशा वेळी आधी काय करायचे? प्रथम श्वास सांभाळतात. छातीत नळी घालून साठलेली हवा व रक्त बाहेर काढतात. बहुतेकांना छातीसाठी एवढे पुरते. नळीतून एकदम दीड लिटरहून अधिक रक्त आले किंवा रक्त थांबेना, तरच छाती उघडतात. त्यानंतर पोट उघडून रक्तस्राव थांबवतात, आतडी दुरुस्त करतात आणि श्वासपटलाचे छिद्र न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात.

हे छिद्र लहान म्हणून सोडून चालत नाही. श्वास घेताना छातीत ओढ निर्माण होते व पोटातील अवयव हळूहळू वर खेचले जातात. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने अशा एका कप्तानाची नोंद केली आहे. गोळीच्या जखमेतून वाचलेला हा कप्तान आठ महिन्यांनी दगावला. बोटाचे टोक जाईल एवढ्या छिद्रात त्याचे मोठे आतडे अडकले होते.

तुंगार्लीजवळून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावरील अपघातातही स्टिअरिंगच्या जोरदार माराने श्वासपटल फाटू शकते. म्हणून एवढे करा :

• रुतलेली सळई किंवा काच उपसू नका. तिनेच रक्त अडवलेले असू शकते.

• बाहेर आलेले आतडे आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका.

• जखमीला पाणी, चहा काहीही देऊ नका. 108 ला फोन करा.

जुन्या अपघातानंतर काही महिन्यांनी, वर्षांनी जरी दम लागू लागला, छातीत दुखून उलट्या झाल्या, तरी तो अपघात डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेवढ्या माहितीने प्राण वाचू शकतो.