संबंधसंख्या, डेटाबेसमधील

डेटाबेसच्या आराखड्यात एका प्रकारच्या घटकाशी दुसऱ्या प्रकारचे कमीत कमी व जास्तीत जास्त किती घटक जोडले जाऊ शकतात, हे ठरविणाऱ्या मर्यादेस संबंधसंख्या किंवा कार्डिनॅलिटी असे म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सर्व माहिती कोष्टकरूपाने मांडण्याची पद्धती सुचविली. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक व त्यांचे संबंध आकृतीने दाखविण्याची रीत मांडली. तीत संबंधरेषेच्या टोकांशी एक किंवा अनेक यांची खूण लिहितात. दुसऱ्या एका प्रचलित रीतीत अनेकत्वासाठी रेषेच्या टोकाला तीन फाटे काढतात; त्यांना ‘कावळ्याचा पाय’ हे नाव पडले आहे.

संबंधसंख्येचे मुख्य प्रकार एकास एक, एकास अनेक आणि अनेकांस अनेक असे तीन आहेत. महाराष्ट्रातील जमिनीच्या अभिलेखांत हे तिन्ही आढळतात. प्रत्येक गटाचा एकच गाव नमुना सात असतो व तो त्या एकाच गटाचा असतो. हा एकास एक संबंध होय. तालुक्यात गावे अनेक, पण गाव एकाच तालुक्यात असते; तसेच गावात गट अनेक, पण गट एकाच गावाचा असतो. हे संबंध एकास अनेक होत. येथे कोष्टक बांधणे सोपे असते : गावाच्या ओळीत तालुक्याचा ओळखक्रमांक लिहिला की काम भागते. ओळख मात्र केवळ नावाने होत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात, तर कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात आहे. ‘कोल्हार, गट क्रमांक १००’ एवढ्याने जमीन निश्चित होत नाही, कारण गट क्रमांक प्रत्येक गावात नव्याने सुरू होतात. गाव व गट मिळूनच ओळख पूर्ण होते.

खरी अडचण अनेकांस अनेक संबंधात येते. एका गटाचे धारक अनेक असू शकतात आणि एका धारकाच्या नावे अनेक गट असू शकतात. समजा, १ हेक्टर २० आर क्षेत्राच्या गटाला समान हिश्श्याचे तीन वारस आहेत. गटाच्या ओळीत धारकासाठी एकच रकाना ठेवल्यास दोन वारस नोंदीबाहेर राहतात. तीन रकाने ठेवले, तर चौथा वारस पुढे येताच कोष्टक अपुरे पडते. प्रत्येक वारसासाठी गटाची ओळ पुन्हा लिहिल्यास गावाच्या बेरजेत हाच गट ३ हेक्टर ६० आर भरतो. यावर उपाय म्हणजे तिसरे, जोडणीचे कोष्टक. त्याच्या प्रत्येक ओळीत एक गट, एक धारक, त्याचा हिस्सा आणि ज्या फेरफाराने हक्क आला त्याचा क्रमांक असतो. हिस्सा हा एकट्या गटाचा गुण नव्हे, की एकट्या धारकाचाही नव्हे. तो त्यांच्या संबंधाचा गुण आहे.

या दृष्टीने पाहता गाव नमुना सात आणि आठ-अ ही एकाच जोडकोष्टकाची दोन वाचने ठरतात : पहिले गटाकडून, दुसरे खात्याकडून. कागदी दप्तरात ती वेगळी लिहिली जात, म्हणून त्यांत तफावत पडू शके. डेटाबेसमध्ये दोन्ही एकाच ठिकाणाहून काढता येतात. मात्र खाते म्हणजे व्यक्ती नव्हे. सामाईक खात्यात अनेक व्यक्ती असतात आणि त्यांपैकी एखाद्याचे स्वतंत्र खातेही असते. तेव्हा खाते व व्यक्ती यांच्यामध्येही जोडकोष्टक लागते. ही पायरी आराखड्यात सहज निसटते.

संबंधसंख्या ही केवळ तांत्रिक बाब नाही. एकत्र कुटुंबाची जमीन एकट्या कर्त्याच्या नावे लावून पुढे ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी अक्षरे लिहिण्याची जुनी रीत होती. तिच्यामुळे अनेकांचा हक्क कागदावर एका नावात मावला. वाटणीच्या वेळी धाकट्या भावांना व बहिणींना तो सिद्ध करावा लागे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलींना वडिलांच्या वारसांत स्थान दिले. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने व २००५ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून त्यांना सहदायादाचा हक्क दिला. एका नावापुरता आखलेला रकाना अशा हक्काला जागाच देत नाही.

किमान मर्यादाही ठरवावी लागते. नमुना सातमध्ये धारक म्हणून कोणाची तरी, निदान शासनाची, नोंद हवी. म्हणजे किमान एक. उलट इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेलच असे नाही. तेथे किमान शून्य. कमाल मर्यादा मात्र काळावर अवलंबून असते. एखाद्या दिवशी गटाचा धारक एकच असला, तरी पन्नास वर्षांत अनेक होतात. कागदावर हक्क संपलेल्या नावाला कंस करीत, ते खोडत नसत. डेटाबेसमध्ये त्याच हेतूने जुनी ओळ न पुसता तीत हक्क संपल्याचा दिनांक भरतात.