पाच मासे आले, लाख झाले

पूर्णा नदी आपल्या परभणी जिल्ह्यातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. जिंतूर तालुक्यात येलदरीला तिच्यावर धरण आहे. ते १९६८ साली पुरे झाले. अशा धरणांत रोहू सोडतात. हा मासा मूळचा इकडचा नव्हे, गंगेकडचा. चिलापी तर आफ्रिकेतली. १९५२ साली ती श्रीलंकेतून तामिळनाडूत मंडपमला आली आणि पसरत पसरत गोदावरीत पोचली.

नव्या पाण्यात थोडे मासे आले, पुढे त्यांचे लाख झाले. मग काळजी कसली? सांगतो.

ज्वारीचे पाहा. शंभर कणसांचे बी ठेवले, तर त्यात एखादे ताट पाण्याचा ताण सोसते, एखादे किडीला दाद देत नाही. एकाच कणसाचे बी सगळीकडे पेरले तर? शेत हिरवे दिसेल खरे. पण सारी ताटे एका घरची. एकाला जे सोसत नाही, ते कुणालाच सोसणार नाही.

माशांचेही असेच. वाढ, रोगाशी झुंजायची ताकद, हे गुण आईबापांकडून पिलांत येतात. ते वाहून नेणाऱ्या सूक्ष्म घटकांना जनुके म्हणतात. पाच मासे आले, तर पाचांपुरतीच जनुके आली. पुढे मासे भराभर वाढतात, जनुकांचे प्रकार मात्र वाढत नाहीत. नवा प्रकार निपजायला फार पिढ्या जातात.

१९३९ साली जावा बेटावर पाच चिलापी सापडल्या. आशियातली पुष्कळ चिलापी त्या पाचांचीच संतती, असे सांगतात. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिले जगतात. तिचे थोडक्यात निभावले.

रोहूचे तसे नाही. साचल्या पाण्यात तो अंडी घालत नाही. त्याला पुराचे पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अशा माशांना ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. मोठेच काम झाले! तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होऊ लागले. पण एक मादी लाखावर अंडी देते. दोन-चार जोड्यांत भागते, तर जास्त पोसायच्या कशाला, असे केंद्रवाल्याला वाटते. पुढच्या वर्षी त्यांचीच पिले आईबाप होतात. भावाबहिणींची जोडी लागते. असे चालत राहिले, की पिले कमी जगतात, वाढ खुंटते आणि भोयाच्या जाळ्यात वजन भरत नाही.

म्हणून बीज घेताना आपल्या सोसायटीने विचारावे: जोड्या किती? कुठून आणल्या? बदलल्या कधी? आम्हांला विचाराल, तर एकाच केंद्रावर न राहता दोन ठिकाणचे बीज घ्यावे. दोन्हींकडचे आईबाप एकाच तळ्यातले नाहीत ना, तेही पाहावे.