हरवलेल्यांचा शोध घ्यायला शिका. पण कोणासाठी, हे आधी विचारा

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ साली संसदेत ठेवलेले हे आकडे आहेत. एकट्या महाराष्ट्रातील स्त्रियांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर जाते. यातील अनेकजणी पुढे घरी परतल्या, हे खरे. पण ज्या परतल्या नाहीत त्यांना शोधण्यासाठी कोण फिरते आहे? या आकड्यांत जात सांगितलेली नाही. तरीही ज्याच्या खिशात पैसा नाही, ज्याचा ठाण्यात कुणी ओळखीचा नाही, त्याच्या तक्रारीचे काय होते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नोएडाजवळचे निठारी आठवा. तिथल्या कष्टकऱ्यांची लेकरे एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप चौकीवर खेटे घालत होते आणि पोलीस त्यांना परत पाठवत होते. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले, तेव्हा देश हादरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडताना तपासावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे लेकरेही गेली आणि न्यायही गेला. वेळेवर शोध न घेण्याची ही किंमत गरिबाने मोजली.

हे सांगण्याचे कारण असे की, जगात आज एक नवी विद्या वाढते आहे. तिला ओपन सोर्स इंटेलिजन्स, थोडक्यात ओसिंट म्हणतात. कुणाचेही खाते न फोडता, कुणालाही न फसवता, जे सर्वांसाठी उघडे आहे त्यातूनच माहिती जुळवायची. वर्तमानपत्र, नकाशे, सरकारी संकेतस्थळे, लोकांनी स्वतः टाकलेली छायाचित्रे ही तिची साधने. ही विद्या नुसती वाचून येत नाही, सराव लागतो. तो सराव हरवलेल्या माणसांच्या शोधातून करावा, अशी कल्पना कॅनडातील ट्रेस लॅब्स या ना-नफा संस्थेने पुढे आणली. ज्या प्रकरणात पोलिसांनी स्वतःच जनतेची मदत मागितली आहे, तीच प्रकरणे घ्यायची. तरुणांचे छोटे गट काही तास माहिती शोधतात, पंच ती तपासतात आणि शेवटी सगळे पोलिसांच्या हाती सोपवले जाते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या संघराज्य पोलिसांना सोबत घेऊन असाच उपक्रम झाला. साडेतीनशेवर लोकांनी एका दिवसात १२ बेपत्ता व्यक्तींची माहिती धुंडाळली.

आमच्या समाजात आज संगणक शिकलेल्या मुलामुलींची वाण नाही. त्यांनी ही विद्या जरूर शिकावी. ती अवघडही नाही. छायाचित्रात माणसाच्या मागे काय दिसते ते आधी पाहायचे. दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे? गाडीच्या नंबरची पहिली दोन अक्षरे कोणत्या राज्याची? फलाटावरचा फलक वाचता येतो का? चित्र ज्या दिवशी टाकले त्याच दिवशी काढले होते काय, की ते जुने आहे, हे उलट शोध घेऊन तपासायचे. नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहायचे. एकच ‘कांबळे’ कागदोपत्री किती रूपांत सापडतो ते सर्वांना ठाऊक आहे. मग शेवटचे कधी, कुठे, कोणासोबत दिसले याचा वेळेनुसार तक्ता मांडायचा. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली आणि कोणत्या तारखेला पाहिली हे लिहायचे. ‘दिसले’ आणि ‘वाटले’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. अर्धे काम या शिस्तीनेच होते.

दुसरेही एक काम पडून आहे. पोलिसांच्या संकेतस्थळांवर बेपत्ता व्यक्तींची यादी असते आणि अनोळखी मृतदेहांचीही असते. एका जिल्ह्यात हरवलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या यादीत अनोळखी म्हणून पडलेला असू शकतो. वय, उंची, गोंदण, कपडे यांवरून या दोन याद्या चिकाटीने ताडून पाहणे हेही ओसिंटच आहे. त्यातून हाती येणारी बातमी दुःखाची असेल; परंतु वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लावून बसलेल्या आईला तीही मिळायला हवी.

मात्र ही विद्या ज्या देशांत वाढली, तिथे बहुतेकांचा माग मोबाइलवर सापडतो. आमच्याकडे वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा माग मोबाइलवर सापडेलच असे नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा ठावठिकाणा मुकादमाच्या वहीत असतो, शहरातल्या मजुराचा मजूर अड्ड्यावर, मुलाचा एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडे. आमच्या वस्तीचे ‘ओपन सोर्स’ हेच. संगणकासमोर बसलेल्या तरुणाने वस्तीतल्या कार्यकर्त्याला सोबत घेतले नाही, तर त्याची विद्या आमच्या माणसांपर्यंत पोहोचणारच नाही.

आता धोक्याचे बोलू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षेवर पोट भरणारी ती माणसे मुले पळवणारी आहेत, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. अमेरिकेत २०१३ साली बोस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच गुन्हेगार ठरवले. तो निर्दोष होता आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. अर्धवट माहिती चव्हाट्यावर टाकली की बळी जातो, आणि आमच्या देशात तो बळी बहुधा भटका, गरीब, परका दिसणारा माणूसच असतो.

याहून मोठा धोका आमच्या घराशी आहे. ‘मुलगी हरवली आहे, दिसल्यास या नंबरवर कळवा’ असा संदेश येतो आणि आपण माणुसकीने तो पुढे पाठवतो. पण ती मुलगी खरोखर हरवली आहे, की जातीबाहेर लग्न करून जीव मुठीत धरून कुठे लपली आहे? तिचा ठिकाणा शोधून देणारा कोणाचे काम करतो आहे? आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. आज त्या वाटेने जाणाऱ्यांचे खून होतात. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्याचे आदेश दिले, ते उगाच नव्हे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघून गेलेल्या बाईचेही तेच. सज्ञान माणसाला घर सोडण्याचा हक्क आहे. ती सुखरूप आहे एवढे पोलिसांनी घरच्यांना सांगावे. पत्ता द्यायचा की नाही हे तिने ठरवावे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पोलिसांत नोंद नसलेल्या प्रकरणाला हात लावू नये. खोटे नाव घेऊन मैत्री करू नये, कुणाच्या खात्यात शिरू नये. सापडलेली माहिती गटांवर टाकू नये आणि नातेवाइकांनाही परस्पर देऊ नये. ती तपास अधिकाऱ्याकडेच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. जोडप्याच्या जिवाला धोका दिसत असेल, तर आधी त्यांच्या संरक्षणाची मागणी करावी. व्यक्ती सापडली की तिचे छायाचित्र सगळीकडून काढून घ्यावे.

आणि नोंदच होत नसेल तर? तिथे कायदा शिकलेला कार्यकर्ता हवा. मूल हरवल्यास अपहरण वा मानवी तस्करीचा संशय गृहीत धरून गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. ‘चोवीस तास थांबा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. हद्दीचे कारणही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या लाखोंच्या गर्दीत चुकलेले लेकरू आईच्या हाती देण्यासाठी आमचे स्वयंसेवक धडपडतात. त्या वेळी ते कुणाची जात विचारत नाहीत. हे लेकरू हिचेच का, एवढे मात्र खात्रीने पाहतात. हीच माणुसकी आणि हीच खातरजमा वर्षभर चालवता येईल. प्रत्येक विहारात दोन संगणक जाणणारे तरुण, एक वकील आणि वस्ती ओळखणारी एक बाई, एवढी चार माणसे पुरेशी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी या कामाला द्यावी. सुरुवात आपल्या तालुक्याच्या बेपत्तांच्या यादीपासून करावी.