ताप उतरला, त्राण परतेना: थायरॉईड मंद असतानाचे आजारपण

थायरॉईड मंद असलेल्या माणसाला आजारातून उठायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ही ग्रंथी मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) हे संप्रेरक बनवते. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी त्याचे टी-३ होते आणि पेशींवरचे खरे काम करते ते टी-३. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, झिजलेले स्नायू भरून येणे, या सगळ्याचा वेग त्याच्यावर ठरतो. ते कमी पडले की आजारानंतरची भरपाईही रेंगाळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईड मंद असल्याचे दिसले होते. पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुनियाची साथ आली की आजारी पडणाऱ्यांत थायरॉईडची गोळी घेणारे बरेच असणार, हे ओघाने आलेच.

घोटाळा होतो तो लक्षणांच्या सारखेपणामुळे. डेंगीचा ताप आठवड्याभरात उतरतो, पण अशक्तपणा धडधाकट माणसालाही काही आठवडे सोडत नाही. चिकुनगुनियाची सांधेदुखी तर महिनोन्महिने पुरते. थकवा, अंग जड वाटणे, केस गळणे, बद्धकोष्ठता, कशातच लक्ष न लागणे ही यादी आजारानंतरच्या अशक्तपणाची म्हणून वाचली काय किंवा मंद थायरॉईडची म्हणून वाचली काय, सारखीच. म्हणून पहिला संशय थायरॉईडवर जातो आणि माणूस तपासणी करून मोकळा होतो. इथेच जरा थांबायला हवे.

कोणताही मोठा आजार झाला की शरीर स्वतःहून टी-४चे टी-३ करण्याचे प्रमाण घटवते. रक्तातले टी-३ काही तासांत, फार तर दिवसाभरात उतरू लागते, तर थायरॉईडला चालना देणारे आणि ही ग्रंथी मंदावली की एरवी वाढणारे टीएसएच हे संप्रेरक बहुधा जागच्या जागी राहते किंवा खाली जाते. आजारातून उठताना उलटे घडते आणि टीएसएच काही काळ वर चढते, क्वचित २०च्या जवळपासही. हे निरोगी थायरॉईड असलेल्यांतही दिसते. त्यामुळे ताप जाऊन आठ दिवस झालेत, रिपोर्टवर टीएसएच ९ आणि शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’ असा शेरा, एवढ्यावरून ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ची करणे घाईचे ठरते. गोळीतल्या थायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. डोस बदलला तर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणून प्रकृती गंभीर नसेल तर आजार संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी केलेली तपासणीच भरवशाची. थकव्यावर उतारा म्हणून मनाने गोळी वाढवणे तर धोक्याचेच: जादा थायरॉक्सिनने छातीत धडधड होते, हृदयाची लय बिघडू शकते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

डोसपेक्षा आधी पाहायला हवे ते गोळी कशी घेतली जाते आहे याकडे. आजारपणानंतर घरातली सकाळ बदललेली असते. एरवी सहा वाजता अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर जाणारी गोळी आता उशिरा उठल्यावर चहाच्या घोटाबरोबर जाते, आणि अशक्तपणासाठी दिलेली लोहाची नि कॅल्शियमची गोळी तिच्या मागोमाग. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून टाकतात. तितके औषध रक्तात पोहोचतच नाही. या दोन्हींत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. प्रतिजैविकांबरोबर सर्रास दिल्या जाणाऱ्या पित्ताच्या गोळ्याही शोषण कमी करतात. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे थायरॉक्सिन शरीरात लवकर संपते आणि डोस वाढवावा लागू शकतो. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन मात्र औषधाला धक्का लावत नाही, ते तपासणीचे आकडे फसवे करते; म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवतात. ताप-उलट्यांत एक-दोन दिवस गोळी राहिली तर घाबरण्याचे कारण नाही, शरीरात साठा असतो. ताप आहे म्हणून ती मुद्दाम बंद करण्याची पद्धत मात्र चुकीची.

सहा आठवड्यांनी टीएसएच ठीक आले आणि थकवा तसाच असला, तर दोष थायरॉईडवर ढकलून भागत नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर पाहिली जाते. ग्रंथी मंदावण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिलेला दाह, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. अशा रुग्णांत बी-१२ शोषले न जाण्याचा विकार अधिक आढळतो. क्वचित अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीही निकामी होत असते: रक्तदाब कमी, त्वचा काळवंडलेली, वजन उतरलेले, खारट खाण्याची ओढ. असा संशय असताना आधी तिचा उपचार न करता थायरॉक्सिन वाढवणे जिवावर बेतू शकते. झोपेत घोरून श्वास अडकणे आणि मनाची उदासी यांचीही विचारपूस व्हायला हवी. आजारपणानंतर ती बहुधा राहून जाते.

अंथरुणावर पडून स्नायू फार लवकर झिजतात आणि मंद थायरॉईडमध्ये ते आधीच आखडलेले असतात. हालचाल लवकर सुरू करावी, पण बेताने: आधी घरातल्या घरात फेऱ्या, मग जिना, मग बाहेर. आज केलेल्या श्रमाने उद्याचा दिवस आडवा जात असेल, तर पायरी एक खाली आणायची. आजारपणात पेज आणि मऊ भातावर दिवस निघतात, मात्र भूक परतल्यावर ताटात मूग-मसूर, अंडी, मासे, दही आले नाही तर स्नायू भरणार कशाने? शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात चालतो. त्यावरची बंदी अकारण आहे.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नसते. वयस्कर माणूस, थायरॉईड बरेच मंद, गोळी सुटलेली, त्यात न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग, अशा वेळी रुग्ण गुंगीत जाऊ लागतो. अंग गार पडते, नाडी मंदावते, श्वास उथळ होतो, बोलणे असंबद्ध होते. संसर्ग असूनही ताप नसतो, म्हणून घरच्यांना तो नुसता झोपलेला वाटतो. झोपेच्या गोळीने किंवा गुंगी आणणाऱ्या खोकल्याच्या औषधाने हे आणखी बळावते. अशा रुग्णाला त्याच वेळी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते, आणि त्याला थायरॉईडचा आजार आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे लागते.