भिंतीवर न आलेला किनारा

जपानी चित्रकार होकुसाईची ‘मोठी लाट’ जगभर ठाऊक आहे. १८३१च्या सुमारास लाकडी ठशांवरून छापलेल्या या चित्रात लाटेच्या तावडीत तीन होड्या आहेत. ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, बाजारात वेळेवर पोचवणाऱ्या या होड्या. मालवणचा माणूस लाटेआधी वल्ह्यांवर वाकलेले ते खलाशीच बघतो.

दोनेक वर्षांत त्याच कलेतल्या हिरोशिगेची, एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो मार्गावरची ५५ चित्रं निघू लागली. पाऊस, ओझेवाले, तरीत बसून खाडी ओलांडणारे प्रवासी, असे त्यांचे विषय. चित्रकार रेखाटी, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उतरवी आणि छापणारा प्रत्येक रंगाच्या ठशावर कागद ठेवून हातानं घासून छाप घेई. आभाळाची विरत जाणारी निळाई ठशावरचा ओला रंग पुसून साधलेली असे. प्रती हजारोंनी निघत आणि साध्या माणसाला परवडत. हीच मला या कलेची खरी थोरवी वाटते. १९२३च्या भूकंपात याच परंपरेतल्या कावासे हासुईच्या रेखाटनवह्या जळाल्या, पण तो पुन्हा गावोगाव, किनारोकिनारी हिंडला आणि १९५७मध्ये मरेपर्यंत चित्रं करत राहिला. हिरोशी योशिदा तर १९३०-३१च्या सुमारास भारतात आला. त्यानं वेरूळ-अजिंठ्याची चित्रं केली, पण त्या मालिकेत कोकण नाही.

आपल्याकडेही छापील चित्र घराघरांत पोचलं. रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या माजघरांपर्यंत आल्या. देव आले याचा आनंदच आहे, पण समोरचा दर्या त्या भिंतीवर कधी आला नाही. चित्रकार प्रल्हाद धोंडांनी तो जलरंगांत अप्रतिम रंगवला, आठवणींच्या पुस्तकाला नावही ‘रापण’ दिलं. मात्र जलरंगातलं चित्र एकच असतं. ते ज्याच्याकडे गेलं, त्याचंच झालं.

दरम्यान, त्या पुस्तकाला जिचं नाव आहे ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून करायची मासेमारी, ओसरली. होडीनं अर्धगोल जाळं टाकायचं, किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढायचे आणि तारली-बांगड्याचे वाटे घालायचे. दोराला हात लावणाराही रिकाम्या हातानं परतत नसे. पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांची मासेमारी आली, तशी किनाऱ्यालगत मासळी उरेना. आज पर्यटकांच्या मोबाइलमध्ये रापणीचे फोटो पुष्कळ सापडतील, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं छापील चित्र माझ्या पाहण्यात नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकूड आणि रंग दोन्ही जाणणारे हात आजही आहेत. पिंगुळीत चित्रं दाखवून गोष्ट सांगणारी चित्रकथी जिवंत आहे. इथल्या कलाशिक्षकांना कळकळीची विनंती आहे: मुलांना दांडीच्या, देवबागच्या किनाऱ्यावर न्या, समोरचं रेखाटू द्या आणि त्यातली एक तरी रापण फळीवर कोरून घ्या. तिच्या शंभर प्रती काढा आणि पहिल्या प्रती रापणकरांच्या घरी द्या.