बांधून ठेवलेल्या कुत्र्याचे वर्तन आणि स्वास्थ्य

राखणीचा कुत्रा दिवसभर बांधून ठेवला म्हणजे तो अधिक तिखट होतो, अशी समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळते. शेतावरील वस्ती, गोदामाचे आवार, बंगल्याचे फाटक, सर्वत्र साखळीने जखडलेला कुत्रा दृष्टीस पडतो. या समजुतीत दोन विधाने गुंतलेली आहेत. बंधनाने कुत्र्याचे वर्तन पालटते, हे एक. आणि तो पालट धन्याच्या हिताचा असतो, हे दुसरे. या दोन्ही विधानांची छाननी स्वतंत्रपणे होणे अवश्य आहे.

कुत्रा हा स्वभावतः सहवासप्रिय प्राणी होय. अमेरिकेतील बार हार्बर येथील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की पिलाच्या वयाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी व इतर कुत्र्यांशी नाते जुळण्याच्या दृष्टीने निर्णायक असतो. या काळात जे पिलू माणसांच्या वावरापासून दूर, परसात एकटे बांधले जाते, ते पुढे अपरिचितांना भिण्याचा संभव अधिक असतो.

या भीतीला साखळीची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. भ्यालेल्या प्राण्यापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात : दूर जाणे, किंवा समोरच्याला दूर घालविणे. साखळी पहिला मार्ग बंद करते. उरतो तो दुसरा. पोस्टमन फाटकाशी येतो, कुत्रा भुंकत अंगावर धावतो, पोस्टमन पत्र टाकून आपल्या वाटेने निघून जातो. तो कामासाठी आला होता व काम संपताच गेला, हे कुत्र्यास कळत नाही. आपल्या धावून जाण्यामुळेच तो गेला, एवढेच त्याच्या मनावर ठसते. हाच धडा नित्य गिरविला जातो. ज्याला तिखटपणा म्हटले जाते, तो अनेकदा अशा रीतीने दृढ झालेला भयाचा आविष्कार असतो. असा कुत्रा चोर आणि शेजारचे मूल यांत भेद करीलच, असा भरवसा देता येत नाही.

या दृष्टीने डेन्व्हर शहरातील एक पाहणी महत्त्वाची आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, घराबाहेरील व्यक्तीस चावलेले १७८ कुत्रे आणि त्याच वस्त्यांतील न चावलेले तितकेच कुत्रे यांची तुलना करण्यात आली. चावलेल्या कुत्र्यांत अंगणात साखळीने बांधले जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. संख्याशास्त्रीय परिभाषेत शक्यता-गुणोत्तर २.८ इतके होते. तथापि, एवढ्यावरून साखळी हेच दंशाचे कारण ठरत नाही. मुळात तापट असलेला कुत्राच धनी बांधून ठेवीत असेल, हाही संभव लक्षात घेतला पाहिजे.

याउलट भासणारा निष्कर्ष कॉर्नेल विद्यापीठातील कॅथरीन हॉप्ट व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली मांडला. तत्पूर्वी, १९९७ साली, अमेरिकेच्या कृषिखात्याने प्राणिकल्याण कायद्याखाली येणाऱ्या संस्थांना कुत्री कायम बांधून ठेवण्यास मनाई केली होती. बर्फावरील गाड्या ओढणाऱ्या ३० अलास्कन कुत्र्यांना कधी साडेतीन मीटरच्या दोरावर, तर कधी सुमारे सहा चौरस मीटरच्या कोंडवाड्यात ठेवून त्यांचे निरीक्षण करण्यात आले. दोन्ही स्थितींत कुत्री बहुतेक वेळ निष्क्रिय राहिली, आणि बांधणे कोंडण्यापेक्षा अधिक अपायकारक असल्याचा पुरावा मिळाला नाही.

वरवर पाहता या दोन अभ्यासांत विरोध दिसतो. पण तो खरा विरोध नव्हे. कॉर्नेलच्या अभ्यासात साखळीची तुलना मोकळेपणाशी नसून लहानशा कोंडवाड्याशी होती. शिवाय गाडी ओढणारी कुत्री सहसा एकमेकांच्या सान्निध्यात बांधली जातात व कामानिमित्त त्यांना भरपूर धावावयास मिळते. फाटकाशी एकट्या पडलेल्या कुत्र्यास यांतील काहीच लाभत नाही. तात्पर्य, बंधनाच्या साधनापेक्षा त्याबरोबर येणारा एकलेपणा, हालचालीचा अभाव आणि माघार घेण्याची अशक्यता यांचा विचार अधिक मूलगामी ठरतो.

शारीरिक स्वास्थ्याची बाजू मात्र साखळीशी साक्षात निगडित आहे. कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीरातील उष्णता मुख्यतः बाहेर टाकतो. विदर्भातील वैशाखात सकाळची सावली दुपारी सरकते, पण बांधलेला कुत्रा तिच्यामागे जाऊ शकत नाही. साखळी खांबाला गुंडाळली गेली, वा पाण्याचे भांडे कलंडले, तर उष्माघाताने तो प्राणासही मुकू शकतो. वाढत्या पिलाचा पट्टा वेळीच सैल न केल्यास तो मानेच्या मांसात रुततो.

भारतीय कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये अवाजवी आखूड वा जड साखळीने प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. आणि नित्य बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हाही स्वतंत्र अपराध आहे. पहिल्या अपराधास दंड अवघा १० ते ५० रुपये असल्याने त्याचा धाक अल्प, ही गोष्ट निराळी.

सारांश, बंधनाने वर्तन पालटते, या विधानात तथ्य आहे. तो पालट धन्याच्या हिताचा असतो, हे मात्र सिद्ध होत नाही. कुत्रा बांधणे काही वेळा अपरिहार्य असते. अशा वेळी बंधन अल्पकाळ असावे, सावली व पाणी साखळीच्या टप्प्यात असावे, येण्याजाण्याची वाट त्या टप्प्याबाहेर असावी, आणि प्रतिदिनी त्यास फिरणे व माणसांचा सहवास मिळावा. चांगल्या राखणीस लागते ती ओळखीच्या व अनोळखी माणसांतील पारख. आणि ती पारख माणसांत वावरल्यानेच येते.